आडोशाचं बेट

आडोशासाठी बांबू लावायचा तर बेटाचा लावावा, धावता लावू नये, हे मी आता गल्लीत कुणालाही थांबवून सांगू शकतो. लोक थांबत नाहीत, हा भाग वेगळा. धावत्या बांबूचं जमिनीखालचं खोड लांबवर पसरतं आणि शेजाऱ्याच्या अंगणात डोकं वर काढतं. बेटाच्या बांबूचं खोड आखूड; नवा कोंब जुन्याला खेटूनच येतो.

हा व्यासंग मी केला तो शेजारच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीपायी. मी परसात सूर्यनमस्कार घालतो. घालतो म्हणजे सुरुवात करतो. मी धापा टाकत पायरीवर बसलो की गॅलरीतल्या काकू तुळशीला पाणी घालता घालता विचारतात, "आज लवकर आटोपलं?" भिंत उंच केली असती तर वाईटपणा आला असता. बांबू लावला की माणूस निसर्गप्रेमी ठरतो.

नर्सरीवाल्याने आधी पिवळ्या कांड्यांवर हिरव्या रेघा असलेला शोभेचा बांबू दाखवला. मला तो लग्नाच्या हॉलबाहेरचा वाटला. कळकाचाही विचार झाला, पण त्याला काटे. काकूंआधी मीच हद्दपार झालो असतो. शेवटी निकाल सासऱ्यांनी दिला. ते कुडाळकडचे. फोनवर एवढंच म्हणाले, "माणगो लावा." माणग्याला काटे नाहीत, काठी सरळ आणि बुंध्याशी भरीव. शेतात दोन बेटांमध्ये काही मीटर मोकळे सोडतात, हेही त्यांनी सांगितलं होतं. पण मला शेत नको होतं, पडदा हवा होता. मी रोपं हातभर अंतरावर ओळीने ठोकून दिली.

सुरुवातीला आल्या त्या बोटाएवढ्या काड्या. त्या जाड व्हाव्यात म्हणून मी शेणखत घालत राहिलो आणि दर रविवारी दोरा गुंडाळून घेर मोजत राहिलो. घेर तसूभरही हलेना. बांबू असा जाड होतच नाही. कोंब जी जाडी घेऊन जमिनीतून निघतो तीच त्याची जन्मभराची. मग तो एका हंगामात पूर्ण उंची गाठतो आणि वाढीचा विषय संपवतो. जाडी येते ती पुढच्या वर्षीच्या कोंबांना. म्हणजे मी ज्यांना खाऊ घालत होतो त्यांची वाढ केव्हाच आटोपली होती. काकू मात्र वरून प्रेमाने चौकशी करायच्या, "भरला का हो अंगाने?" प्रश्न बांबूबद्दल आहे असं मी धरून चालायचो.

मग एका पावसाळ्यात जाडजूड कोंब निघाले आणि बघता बघता गॅलरीच्याही वर गेले. मी पेढे आणले. पावसाळा सरल्यावर लक्षात आलं, की सगळा पाला वर आहे आणि माझ्या उंचीला नुसत्या उघड्या काठ्या. गॅलरीतून आता मी गजाआडच्या कैद्यासारखा दिसतो, असं बायकोने वर जाऊन, काकूंकडचा चहा पिऊन, खाली येऊन सांगितलं. शेंडे वाकले तेही नेमके गॅलरीवर. सावली त्यांना, पाचोळा आम्हाला. पूर्वी ऊन चढलं की काकू आत जायच्या; आता त्यांनी तिथे खुर्ची टाकली.

काही काठ्या काढाव्यात म्हटलं, तर सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले समोरचे काका म्हणाले, "परवानगी लागते." मी या प्रश्नाची वाटच पाहत होतो. 1927च्या भारतीय वन कायद्यात बांबू हा वृक्ष होता. 2017मध्ये जंगलाबाहेर लावलेला बांबू त्या व्याख्येतून वगळला. वनस्पतिशास्त्रात तो आधीपासून गवतच, कायद्याला पटायला नव्वद वर्षं लागली! काकांनी सगळं शांतपणे ऐकलं. "गवत आहे ना? मग बोलताय काय, कापा की."

कापलं, आणि तिथून आमच्या घराची कडी लागेनाशी झाली. पाडव्याच्या आदल्या दिवशी गुढीच्या काठीसाठी फाटकाशी रांग. दिवाळीत आकाशकंदील टांगायला, एरवी आंब्याची आकडी करायला, काकडीच्या मांडवाला. एकदा रात्री उशिरा दोघे जण खाली मान घालून आले; त्यांनी लांबी सांगितली, मी कारण विचारलं नाही. ज्या परसात कुणी बघू नये म्हणून हा खटाटोप केला, तिथे अख्खी गल्ली कोयता घेऊन उभी असते आणि मी हाफपँटवर काठ्या निवडून देत असतो.

निवडून देत असतो म्हणजे, मी फक्त धरतो. निवडतात काकू. कुठला कोंब कोणत्या पावसाळ्यात आला हे त्यांना वरून पाहून पाहून पाठ आहे, आणि काढायची काठी तीन पावसाळे पाहिलेली हवी. "कडेचा नको, यंदाचा आहे तो, कोवळा! आतला, तुमच्या कोपराजवळचा! अहो, डाव्या कोपराजवळचा!" मी कोयता उचलतो. "आणि आमच्या बाजूला वाकलेल्यांना हात लावायचा नाही हं. आमचा उन्हाळा त्यांच्यावर आहे."