दयाळाशी जुगलबंदी

मी शिट्टीवर नाट्यपद घेतलं की समोरच्या अँटेनावरून दयाळ ताना घेतो, हे मी गल्लीभर सांगून ठेवलं होतं. ‘पाखराला कळतंय,’ असं हिच्याकडे बघून म्हणायचीही सवय लागली होती. शेजारचा प्राणिशास्त्र शिकणारा पोरगा एकदा ऐकत उभा राहिला आणि म्हणाला, “काका, त्यो दाद दीत न्हाई. माझ्या हद्दीतनं निघा म्हणतोय.”

विणीच्या दिवसांत, मार्चपासून जुलैपर्यंत, नर पहाटे शेपटी उभारून गातो तो मादीसाठी आणि दुसऱ्या नराला दम भरायला. म्हणजे मी दुसरा नर. या वयात ही बढती थोडी नव्हे!

शिवाय आमच्या कोल्हापुरात गाणं आणि कुस्ती कधी वेगळी होती? शाहू महाराजांचं खासबाग मैदान 1912 चं, त्याला पाठ लावून 1915 चं पॅलेस थिएटर. इकडे शड्डू, तिकडे वन्समोअर. थिएटरला पुढं गायकनट केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं. आता केशवराव निघाले की मी थांबत नाही, हिला विचारा. 8 जुलै 1921, मुंबई, टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’: केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. नाटक म्हणायचं सभ्यपणानं, दंगलच ती. तिचा निकाल मी अजून रोज लावतो आणि रोज केशवरावच जिंकतात. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते गेले. वय 31. आणि 2024 मध्ये, त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, 8 ऑगस्टला, थिएटर जळालं. दुसऱ्या दिवशी पहाटे ओठांतून शिट्टी निघेना. दयाळही गप्प होता. हंगाम संपला होता, असं पोरगा म्हणेल. म्हणू दे.

यंदा मात्र दयाळानं नवा जोडीदार शोधला: माझ्याच स्कूटरचा आरसा. आरशातला नर हटेना, हा चोच आपटून आपटून दमला. माझ्यावर इतका जीव त्यानं कधी टाकला नव्हता, याचा राग आलाच. पण भिंतीच्या भोकात मादी अंड्यांवर बसलेली, आणि हा काचेशी झुंजून अर्धा झालेला, बघवेना. दोन्ही आरशांना जुने मोजे चढवले.

तसाच महाद्वार रोडला गेलो. पोलिसानं अडवलं. मी दयाळ, वीण, हद्द, सगळं सांगितलं. केशवरावांपर्यंत पोचणारच होतो.

“काका,” तो म्हणाला, “मोजे काढा. आणि शिट्टी मारायचं काम आमचं.”