राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ७० : एका हौशी नाविकाचा अर्ज

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरण, नोएडा.

विषय : मांजरा नदीतील नौकानयनाची सद्यस्थिती कळवणेबाबत व लॉकच्या देखभालीबाबत.
संदर्भ : राष्ट्रीय जलमार्ग अधिनियम, २०१६.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करतो, की मी धाराशिव जिल्ह्यातल्या कळंबचा रहिवासी असून मला रविवारी सहकुटुंब होडीतून फिरण्याची हौस आहे. होडी अजून घेतलेली नाही. आधी नदी बघा, मग होडीचे बघू, असे घरून बजावण्यात आले आहे.

आपल्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग ठरवले. त्यात ७० व्या क्रमांकावर आमची मांजरा आहे, २४२ किलोमीटर. हे वाचून ऊर भरून आला. पुढचा तपशील वाचला आणि तो जागेवर आला. जलमार्ग सुरू होतो तेलंगणातल्या सिंगूर धरणापासून आणि संपतो गोदावरीच्या संगमाशी. म्हणजे पाटोद्याच्या डोंगरात उगवायचे, बीड-धाराशिवची हद्द राखायची, लातूर-बीदर ओलांडायचे, एवढे सगळे करूनही ही बाई सिंगूरपर्यंत स्थानिकच. राष्ट्रीय होते ती त्याच्या पुढे. तक्रार नाही. मराठवाड्याला याची सवय आहे.

तक्रार असलीच तर तारखेची आहे. हा कायदा अमलात आला १२ एप्रिल २०१६ रोजी. त्याच दिवशी पहाटे मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी, एकेकीत पन्नास हजार लिटर. लातूरची तहान भागवणारे मांजरा धरण, म्हणजे आमच्या शेजारचे धनेगाव, कोरडे पडले होते, म्हणून पाणी तीनशेहून अधिक किलोमीटर रुळांवरून आले. ज्या नदीवरून मालाची ने-आण होईल असे दिल्लीने कागदावर लिहिले, तिच्याच खोऱ्यातल्या शहरात त्या दिवशी पाणीच माल होऊन आले. एखाद्या लेखकाने असा योगायोग रचला असता, तर संपादकाने अतिशयोक्ती म्हणून कथा परत पाठवली असती. इतके जमलेच होते, तर त्या दिवशी लातूर स्टेशनला बंदराचा दर्जा देऊन टाकायला हरकत नव्हती.

आता सद्यस्थितीकडे येतो. इंग्लंडात थेम्स नदीवर चाळीसहून जास्त लॉक आहेत. लॉक म्हणजे दोन दारांमधली पाण्याची खोली: होडी आत घ्यायची, मागचे दार लावायचे, पाणी भरून किंवा सोडून पातळी जुळवायची, पुढचे दार उघडायचे. प्रवाह वाढला की तिथे फलक लागतात. पिवळा दिसला की सावध, लाल दिसला की होडी काठाला बांधून ठेवायची. असेच फलक कळंबला लावावेत, ही विनंती. मजकूर तयार आहे. पहिला : ‘धरण मृतसाठ्यात आहे. नाविकांनी होडी खांद्यावर घ्यावी. पात्रात वाळूच्या ट्रॅक्टरला प्राधान्य.’ दुसरा : ‘धरणाची अठरा दारे उघडली आहेत. नाविकांनी घर शोधावे.’ तिसऱ्या फलकाची गरज क्वचितच पडते.

दुसऱ्या फलकात विनोद नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये अठराच्या अठरा दारे उघडली, तेव्हा नदीकाठच्या शिवारात सोयाबीन बुडाले आणि अडकलेली माणसे हेलिकॉप्टरने काढावी लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीने आमच्याच जिल्ह्यातल्या परंड्यावर तीच वेळ आणली. बचाव पथकांच्या मोटारीच्या होड्या तेव्हा जिल्ह्यात फिरल्या. पिकात. एरवी आमच्याकडे पाण्यावर दिसतो तो मासेमारी करणाऱ्यांचा थर्माकोलचा चप्पू.

लॉकचे म्हणाल, तर आपण ज्या २४२ किलोमीटरला मार्ग म्हणता, त्यात निजामसागर धरण आडवे उभे आहे. १९३१ मध्ये पुरे झालेल्या त्या भिंतीत होडीला वाट नाही. ते धरण बांधवले हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान यांनी, ज्यांच्या नावावरून आमचा जिल्हा परवापरवापर्यंत उस्मानाबाद होता. त्यांना पाणी अडवायचे होते. जहाजे सोडायची कल्पना पुढे आपल्याला सुचली. आमच्या तेरचे, म्हणजे जुन्या तगरचे, व्यापारीही व्यवहारी निघाले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक प्रवासवृत्तात त्यांचा माल भडोचच्या बंदराकडे गाड्यांतून जाताना दिसतो. तेरणा नदी दारात होती, तरी त्यांनी बैलावर भरवसा ठेवला.

खऱ्या लॉकऐवजी आमच्या नद्यांवर कोल्हापुरी बंधारे आहेत. खांबांच्या खाचांत लोखंडी दारे बसवायची. पावसाळा सरता सरता ती लावायची, मागे पाणी तुंबवायचे. पुढच्या पावसाआधी काढून काठावर रचून ठेवायची, म्हणजे पूर मोकळा जातो. पद्धत सोपी आणि शहाणपणाची. बिघडते ते एवढेच, की दारांच्या कडेचे रबर कुजते आणि फटीतून रात्रंदिवस पाणी वाहते. रचून ठेवलेली दारे भंगारवाल्याकडे जातात. दारे लावायला उशीर होतो, तोवर परतीच्या पावसाचे पाणी आपल्याच, म्हणजे राष्ट्रीय, हद्दीत पोचलेले असते. त्या अर्थाने जलमार्गाला पाणी पुरवण्याचे काम आमचे गळके बंधारे इमानेइतबारे करत आहेत. त्याचे श्रेय आजवर कोणी दिलेले नाही.

देखभाल अशक्य असते, असेही नाही. नळदुर्गला बोरी नदीवर इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातला, सतराव्या शतकाच्या आरंभीचा बंधारा आहे. त्याच्या पोटात पाणीमहाल आहे. नर आणि मादी हे धबधबे वरून कोसळत असताना माणूस आत कोरडा उभा राहतो. चारशे वर्षांनंतरही ती भिंत पाणी अडवते आहे. तिचे मात्र दार काढून भंगारात विकता येत नाही, हा फरक मान्य.

कोल्हापुरी बंधारे आपल्या अखत्यारीत येत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण अर्ज ‘पुढील योग्य त्या कार्यवाहीस्तव’ दुसऱ्या खात्याकडे पाठवण्याची सोय सरकारात आहे, तिचा लाभ घ्यावा. मागणी थोडी आहे : पावसाळ्याआधी रबर बदलावे, काढलेली दारे कुलुपात ठेवावीत, आणि परतीचा पाऊस ओसरायच्या आत ती बसवावीत. जहाज नको, धक्का नको, उद्घाटनही नको. मार्चमध्ये कळंबच्या पात्रात कमरेएवढे पाणी दाखवा. होडीचे पैसे मी घालतो.

आपला नम्र,
एक हौशी नाविक, कळंब, जि. धाराशिव