सहलीची चिठ्ठी आली वं माय!

"ऐकलं का वं, कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या पोट्ट्याले हस्तकलेत पयला नंबर भेटला म्हने!"

काकूंनी भिंतीपलीकडून बातमी दिली तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. हातातली चादर परत बादलीत टाकली. असल्या बातम्या काम करता करता ऐकायच्या नसतात.

"पोट्ट्याले कायचा काकू? त्याच्या मायले भेटला म्हना. बारा वाजेलोक लाईट सुरू होता त्यायच्या हॉलमधला."

"अन् थे पुठ्ठ्याचं राजेश्वराचं मंदिर? थे कोनं कापलं?"

"मामानं. मूर्तिजापूरवरून बलावला होता."

"मंग पोट्ट्यानं काय केलं?"

"नाव लिवलं ना खाली. तेवढंच त्याच्या अक्षरात हाय."

काकू तोंडाला पदर लावून हसल्या. कौलखेडच्या आमच्या गल्लीत घराघरांमधली भिंत कमरेएवढीच. पलीकडे काकूंचा शेवगा आणि शेवग्याखाली काकूंचे 'हे'. म्हणजे ड्रॉइंगचे सर. शाळेतून रिटायर झाले, पण गल्लीत अजून कोणी त्यांना काका म्हणत नाही. अर्ध्या गल्लीला त्यांनीच ड्रॉइंगच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसवलंय.

"हसू नका," सर कुंडीत पाणी घालता घालता म्हणाले. "मायबापायची स्पर्धा झाली थे. पोट्टे फक्त फोटो काढाले उभे राह्यतात."

"सर, तुमच्याइथी तर खरे पोट्टे येतात ना क्लासले?"

"येतात. काहून येतात, थे बी ऐक. इंटरमिजिएटले ए श्रेणी आली का दहावीले 7 मार्क वाढतात, बी आली तं 5, सी आली तं 3. मायबाप पयल्या दिवशी मले हेच इचारतात. पोराच्या हाताले वळन हाय का, त्याले काय पाहाले आवडते, असं कोनी इचारत नाई."

"पन मार्कासाठी का होईना, पोरगं चितर तर काढते," काकूंनी नवऱ्याला थोपवलं.

"काढते ना. स्मरणचित्राचा पेपर हाय, चांगला पेपर हाय. तुम्ही डोळ्यानं जे पाह्यलं थे आठवून काढा. आठवडी बाजार काढा, बसस्टँड काढा. अन् पोट्टे काय करतात? गाईडातली छत्रीवाली बाई पाठ करतात अन् फुगेवाला पाठ करतात. विषय बाजाराचा असो का जत्रेचा, थ्याच बाईले उभी करतात. अकोल्याचा कापूस बाजार एका बी पोट्ट्यानं काढला नाई. कावडयात्रा दरसाली श्रावणात दारावरून जाते, गांधीग्रामवरून पूर्णेचं पानी येते राजेश्वराले. रातभर पाह्यतात पोट्टे, मोबाईलमधी व्हिडिओ घेतात. पन कावडीच्या बांबूले पान्याचे भरणे कसे बांधले होते, इचारून पाह्य. एकाले सांगता येत नाई."

मी गप्प बसले. कारण आमच्याकडेही व्हिडिओच होता.

तेवढ्यात मला मुद्द्याची आठवण झाली. "काकू, आमच्या पोराच्या शाळेतून सहलीची चिठ्ठी आली. नागपूरले चालले. अजब बंगला म्हनजे थे म्युझियम, बाग, मॉल, अन् रात्री वापस."

"अजब बंगल्यात किती वेळ?" सरांनी पाइप बाजूला ठेवला.

"अर्धा तास लिवलाय."

"अन् मॉलमधी?"

"दोन तास."

"घे! मागं एका शाळेनं तर नेमकी बंगल्याच्या सुट्टीच्या दिवशीच बस नेली होती. फाटकापाशी ग्रुप फोटो काढला अन् लेकरं मॉलमधी नेली. वापस येऊन निबंध लिवाले लावला, 'मी पाहिलेले संग्रहालय'. सगळ्यायले चांगले मार्क भेटले."

काकू इतक्या हसल्या की शेवग्यावरचा कावळा उडाला. सर मात्र हसले नाहीत.

"पोरी, 1863 सालचा हाय थो बंगला. आपल्या अख्ख्या विदर्भाचं घबाड हाय तठी. मूर्त्या, नाणी, शस्त्रं, जनावरं. आता सांग, अर्ध्या तासात साठ पोरं एका रांगेत. 'हात लावू नका, बोलू नका, पुढं सरका.' पोराले आठवते काय? पुढच्या पोराचं डोस्कं."

"मंग करावं काय? सारं पाहाचं तं हायच ना," काकू म्हणाल्या.

"सारं काहून पाहाचं? एकच पाहा. पोराले सांगा, बाबू, या दालनात तुले आवडन थे एक निवड. त्याच्यापुढं बस. पेन्सिल काढ. अर्धा तास दुसऱ्या कशाकडं जायचं नाई. झालं."

"एकाच वस्तूपुढं अर्धा तास? आमचं पोरगं तं पाच मिनिटं बसत नाई, सर."

"रझा बी बसत नव्हता," सर म्हणाले, आणि मला कळलं की आता कपडे काही वाळत पडत नाहीत.

"कोन रझा? आपल्या ताजनापेठेतला?" काकूंनी विचारलं.

"नाई वं. सय्यद हैदर रझा. चितारी. मंडला जिल्ह्यातला, बाप जंगलखात्यात. शाळेत असा चुळबुळ्या, का मन एका जागी टिकेचना. एक दिवस गुरुजीनं काय केलं, व्हरांड्याच्या भिंतीवर एक ठिपका काढला अन् म्हने, बस अन् याच्याकडं पाह्य. बसला पोरगा. मंग मोठेपनी कैक वर्षं थोच ठिपका काढला त्यानं. बिंदू. जगभर नाव झालं. अन् चित्रकलेचं शिक्षन पयले कुठी घेतलं? नागपूरले. 1939 ते 43."

"ठिपका पाहून कोनी मोठं होते का?" काकूंना पटलं नव्हतं. "मी तं रोज अंगनात ठिपक्यायची रांगोळी काढतो."

"तुले कोनी बसवलं नाई ना थ्या ठिपक्यापुढं! चितारी गायतोंडे तं नागपूरलेच जन्मले, 1924 सालचे. त्यायच्या एकेका चित्राले आता कोट्यवधी रुपये भेटतात. नागपूरले जानाऱ्या किती बशीमधी मास्तर सांगते, का पोट्ट्यांनो, हे दोघं या गावचं पानी पेलेले हायत?"

काकूंनी विषय फिरवला. "मी म्हनतो अजिंठ्याले न्यावं. आमच्या वेळी नेलं होतं. घाट चढता चढता दोन पोरी ओकल्या, तेवढं ध्यानात हाय."

"अन् आतली चितरं?"

"अंधार होता वं."

सर भिंतीजवळ आले. "मेजर गिलचं ऐकलं का तुम्ही?"

"थो पारोवाला?" काकूंचे डोळे चमकले. "सिनेमा पाह्यला ना म्या. नितीन देसाईनं काढला होता, 'अजिंठा'. महानोरायनं लिवलेलं. साहेब अन् गावची पोरगी!"

"तुले तेवढंच आठवते. मद्रास फौजेतला रॉबर्ट गिल. 1844 मधी कंपनीनं पाठवला, लेण्यातल्या चित्रायच्या नकला करून आन म्हून. आला अन् राह्यलाच. लेण्यात वटवाघळं, जंगलात वाघ, भिंतीवर ओल. वर्षानुवर्षं एकेका भिंतीपुढं बसला. पारो 1856 मधी गेली, अजिंठ्यात तिची कबर हाय. नकला लंडनले गेल्या, तठी क्रिस्टल पॅलेसमधी टांगल्या, अन् 1866 मधी आग लागून बहुतेक जळल्या."

"अगं माय! सारं?"

"थोडं वाचलं. मंग गिल पुन्हा कामाले लागला. 1879 मधी मेला. भुसावळले कबर हाय त्याची. आपन मुंबईले जातो तवा गाडी भुसावळले थांबते, आपन केळं घेतो अन् चढतो."

"मंग पुढं?"

"पुढं खरी गोष्ट हाय, पोरायची. मुंबईच्या आर्ट स्कूलचा ग्रिफिथ्स नावाचा मास्तर. 1872 पासून 1885 लोक आपल्या विद्यार्थ्यायले घेऊन अजिंठ्याले येत राह्यला. थंडीत यायचे अन् नकला करायचे. आपल्याच देशातले पोरं, आपल्याच भिंती. त्या नकला बी लंडनले गेल्या अन् 1885 च्या आगीत कित्येक जळल्या. पन पोरायच्या हातात अन् डोळ्यात जे उतरलं, थे कसं जळन? ती सहलच होती ना. फरक एवढाच, का त्या मास्तरनं पोरायले बसवलं. आपन पोरायले पळवतो."

मलाही थोडी अक्कल दाखवायची होती. "सर, मुंबईच्या म्युझियमनं तर बसच काढली म्हने. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानं. 2015 पासून बसमधी वस्तू मांडतात अन् शाळेशाळेत नेतात. अन् 2019 मधी लेकरांचं वेगळं म्युझियम उघडलं, तठी वस्तू कोनत्या मांडायच्या थे बी लेकरायलेच इचारलं."

"चांगलं केलं. पन आपन बशीची वाट पाहात राहाचं का? आपल्याइथी काय कमी हाय? अकोटच्या पुढं नरनाळा हाय. महाकाली दरवाजा पाह्य, 1487 चा. दगडात कमळं, नक्षी, लेख, झरोके. शहानूरच्या गेटवरून आत जा, पोरायले दरवाजापुढं बसव. बाळापूरले मिर्झा राजा जयसिंगाची छत्री हाय. हे बी संग्रहालयच हाय, फक्त वरतं छप्पर नाई."

"अन् घरचं म्युझियम आपन भंगारवाल्याले देतो," काकू एकदम म्हणाल्या.

"म्हनजे?"

"माह्या सासूचा अडकित्ता. पितळेचा. मोराचा. मागच्या दिवाळीत देल्ला किलोच्या भावानं. यायले सांगितलं नव्हतं."

सरांनी पाइपचा नळ बंद केला. शेवग्यावर परत आलेला कावळाही गप्प झाला. मग ते म्हणाले, "पुण्यात दिनकर केळकरायनं अडकित्तेच जमा केले. अडकित्ते, दिवे, भांडे, दारं, खिडक्या. वाड्यावाड्यातून मागून आनले. त्यायचा राजा नावाचा मुलगा लहानपनीच गेला, त्याच्या नावानं म्युझियम केलं. लोकं तिकीट काढून पाह्यतात. अन् माह्या घरात..."

"झालं ते झालं," मी मध्ये पडले, कारण पुढे काय होणार ते गल्लीला ठाऊक आहे. "पन सर, शाळेनं असं केलं तर? वर्गात एक टेबल. हरेक पोरानं घरून एक जुनी वस्तू आनायची, आजीले इचारून तिची माहिती लिवायची, चितर काढायचं."

"हे बोलली तू!" सर खुलले. "तिफन आना, डवऱ्याचं फासं आना, पायली आना, सरकी काढाचा रेचा कोनाच्या माळ्यावर असन तं आना. वऱ्हाडातल्या पोराले तिफन माहीत नाई, अन् आपन त्याले थर्माकोलचा इग्लू कराले लावतो."

काकूंना बाजी परतवायची होती. "सारं खरं. पन चितर काढून पोट भरते का? फ्लेक्स आले अन् आपल्या बोर्ड रंगवनाऱ्यायचं काम गेलं. तुम्हीच सांगता ना?"

"गेलं. पन एक सांग. जिनात कापूस येते तवा भाव कोन ठरवते? ग्रेडर. चिमूटभर रुई घेते, दोन्ही हाताच्या बोटात धरून ओढते, लांबी पाह्यते, रंग पाह्यते, कचरा पाह्यते. त्याचं पोट कशावर चालते? नजरेवर अन् बोटावर. डॉक्टरले बी थेच लागते, मिस्त्रीले बी, कृषी विद्यापीठात पानावरचा रोग वळखनाऱ्यालेबी. चितारी व्हाचं नसलं तरी नजर लागतेच. अन् नजर काही पुस्तकात छापून येत नाई."

याला काकूंकडे उत्तर नव्हतं. म्हणून त्यांनी दुसरी बाजू धरली. "मंग शाळेत ड्रॉइंगचे मास्तर काहून नाई देत?"

"कायद्यात हाय," सर म्हणाले. "2009 चा शिक्षण हक्काचा कायदा. सहावी ते आठवीत शंभराच्या वर पोरं असली, तर कलेचा, खेळाचा अन् कार्यानुभवाचा अंशकालीन निदेशक पाह्यजे. लिवलेलं हाय. आता तुमच्या शाळेत ड्रॉइंगच्या तासाले कोन येते?"

"गणिताचे सर. राह्यलेला धडा घेतात."

"बरोबर. वेळापत्रकात ड्रॉइंग, फळ्यावर लसावि."

काकू आता आपल्या विषयावर आल्या. भुलाबाईचे दिवस होते. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत गल्लीतल्या पोरी घरोघर गाणी म्हणतात, खिरापत ओळखायला लावतात. "आमच्या वेळी भुलाबाई-भुलोजीची मूर्ती आमीच कराचो. नाल्याकाठची माती चाळाची, त्यात कापूस कुटून टाकाचा म्हनजे तडा जात नाई. आता बजारातून प्लास्टरची आनतात. गानं बी मोबाईलवर लावतात."

"काकू, मंग तुम्हीच शिकवा ना," मी म्हटलं. "माती मी आनतो. कापसाची अकोल्यात काय वानवा हाय का?"

"मी? मले काय येते?"

"कापूस कुटून टाकाचा, हे कोनत्या मास्तरनं सांगितलं होतं तुम्हाले?" सरांनी विचारलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोकडे ते असे कौतुकाने पाहताना मी पहिल्यांदाच पाहिले. काकू लाजल्या आणि अडकित्त्याचा विषय तिथेच मिटला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. काकूंच्या अंगणात आठ-दहा पोरं, त्यात कोपऱ्यावरच्या बंगल्यातला पहिल्या नंबरवालाही. त्याची आई भिंतीबाहेरून दोनदा डोकावली. "मी करून देऊ का रे?" सरांनी तिला चहा पाजून परत पाठवलं. पोराने केलेल्या भुलोजीला एक कान मोठा, एक लहान. पण दोन्ही त्याचेच.

सहलीच्या चिठ्ठीवर मी सही केली आणि मागच्या बाजूला सरांनी सांगितलेलं लिहून पाठवलं. ते तुम्हीही लिहा. एक, अजब बंगला उघडा आहे ना, ते आधी फोन करून विचारावे. दोन, मॉलचा एक तास कापून बंगल्याला द्यावा. तीन, प्रत्येक मुलाजवळ वही-पेन्सिल असावी आणि त्याने निवडलेल्या एका वस्तूपुढे त्याला बसू द्यावे. चार, परत आल्यावर निबंध नको, वही बघावी. आणि पाच, हे आईबापांसाठी: मुलाचं चित्र वाकडं आलं तर वाकडंच राहू द्या. त्याला हात लावू नका. संग्रहालयातल्या वस्तूंपुढे 'हात लावू नका' हे आपण नको तेवढं ऐकतो. ते खरं इथे पाळायचं असतं.