माळ्यावरच्या ट्रंकेतून श्रीमंत कसे व्हावे

चवथीच्या साफसफाईत गोव्यातल्या पेडण्या-डिचोलीकडच्या जुन्या घरांत माळ्यावरून एखादी पत्र्याची ट्रंक खाली उतरतेच. तिच्यात आजोबांची पत्रं निघाली की लगेच मोबाईलवर पोर्तुगीज तिकिटांचे भाव शोधावेत आणि दिसेल तो सर्वांत मोठा आकडा आपला मानावा. विकणाऱ्याने मागितलेला भाव वेगळा, घेणाऱ्याने मोजलेला वेगळा, असल्या शंका काढू नयेत. ब्रिटिश गयानाच्या एक सेंटाच्या किरमिजी तिकिटाला २०१४ मध्ये सुमारे ९५ लाख डॉलर आले, हे वाड्यावर सर्वांना सांगावं. तेच तिकीट २०२१ मध्ये सुमारे ८३ लाखांना गेलं, हे सांगायची गरज नाही.

पुढचं काम कात्रीचं. पाकिटाचा तिकिटाकडचा कोपरा कापावा, वाटीभर पाण्यात भिजत घालावा, सुटलेलं तिकीट वहीत खळीने चिकटवावं आणि उरलेलं पाकीट न्हाणीच्या चुलीत सारावं. पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलं आहे.

आता या विधीत नेमकं काय जळतं तेही पाहावं. पोर्तुगीज हिंदुस्थानची तिकिटं १८७१ पासूनची. पहिली गोव्यातच, ओबडधोबड ठशांनी छापलेली. त्यांच्यासाठी जाणकार आजही मान मोडून भिंग लावतात. १९१२ मध्ये तर तिकिटांना मधोमध उभी छिद्रं पाडून दोन्ही अर्ध्यांवर नवी किंमत छापली आणि एकाची दोन केली, भावाभावांत घर वाटावं तशी. त्या मानाने पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या वर्षांतली सुटी रंगीत तिकिटं संग्राहकांकडे उदंड आहेत. त्यांच्यावर बंगला उठत नाही.

खरी गंमत १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्यानंतरच्या पंधरवड्यातली. २९ डिसेंबरला गोव्यात भारतीय तिकिटं लागू झाली. जानेवारीच्या पहिल्या दिवसांपर्यंत जुनीही चालवून घेतली, आणि जुने पोर्तुगीज शिक्के तर १९६२ च्या मे महिन्यापर्यंत खपले. म्हणजे भारतीय तिकीट आणि त्यावर पोर्तुगीज शिक्का, असं सबंध पाकीट होऊ शकतं. तो शिक्का पणजीऐवजी पेडणे किंवा डिचोलीसारख्या छोट्या कचेरीचा असला तर संग्राहक खुर्ची पुढे ओढतो. पण तारीख, गाव, पत्ता हे सगळं पाकिटावर असतं, आणि पाकीट तर चुलीत गेलेलं.

कात्रीतून काही वाचलंच तर ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून भिंतीतल्या कपाटात ठेवावं. दोन पावसाळ्यांत गोंद गोंदाला चिकटतो, कागदावर तांबूस ठिपके उमटतात आणि वाटणीचा प्रश्न मिटतो.

नवीन गुंतवणूक हवी असेल तर पोस्टाचं ‘माय स्टॅम्प’ आहेच. त्यात पाच रुपयांच्या बारा तिकिटांना आपला फोटो जोडून मिळतो, ३०० रुपयांत. साठ रुपयांचं टपाल आणि उरलेली किंमत चेहऱ्याची. हा माल पुढे कोण घेणार, हे घरच्यांनाच विचारावं.

खात्रीचं उत्पन्न पाहिजे असेल तर मात्र सहावी ते नववीत शिकत असावं लागतं. २०१७ पासूनच्या ‘दीनदयाळ स्पर्श’ योजनेत तिकीटसंग्राहक विद्यार्थ्याला, निवड झाली तर, वर्षाला ६००० रुपये शिष्यवृत्ती मिळते. मोठ्यांनी पणजीच्या मुख्य टपाल कचेरीतल्या फिलाटेली ब्युरोत जाऊन तिकिटं घेण्याचं खातं उघडावं. जाताना आजोबांची पत्रं जशी सापडली तशीच न्यावीत, आणि कात्री घरी ठेवावी.