टॉवरसकट अजिंक्यतारा

– काय गं सुनंदा, आमच्या बागेतला पाइप सकाळपासून तुमच्या अंगणात काय करतोय?

– किल्ल्याला पाणी मारताहेत, काकू. सहामाहीचा शेवटचा पेपर सुटला, दप्तरं व्हरांड्यात पडली, तेव्हापासून सगळी पलटण चिखलात. आणि मुकादम कोण? तुमची चिमी!

– मग बरोबर. माझ्या परसातले विटांचे रोडे, दोन जुनी पोती, एक घमेलं, सगळं तिनंच पळवलंय. आजी घेऊ का म्हणून विचारायची पद्धत नाही.

– तुमचं पोत्यांवर भागलं. मी नणंदेच्या बाळंतपणाच्या लाडवांसाठी हळीव आणून ठेवले होते. आज डबा उघडला तर तळाला चिमूटभर!

– पेरले की काय किल्ल्यावर?

– अख्खे. ओरडायला गेले तर सोन्या मलाच शिकवतो, "आई, मोहरी उतारावरून घरंगळते. हळीव भिजले की बुळबुळीत होतात आणि मातीला चिकटून बसतात." कुठं शिकला कोण जाणे.

– मातीत हात घातला की कळतं ते, कुणी शिकवावं लागत नाही. पण खरं आहे त्याचं. वसुबारसेला पेरले की पाडव्यापर्यंत डोंगर हिरवागार. फक्त परतीच्या पावसानं घोळ घालायला नको. रात्री वर ताडपत्री टाका म्हणावं.

– टाकतात हो. स्वतःच्या अंगावर पांघरूण घ्यायचा कंटाळा, पण किल्ल्याला रात्री दोनदा उठून बघतात.

– बरं, ते कोपऱ्यावरच्या बंगल्यातलं कळलं का तुला?

– तयार किल्ला आणला तो? टेम्पोतून उतरवताना पाहिला मी.

– प्लास्टरचा गं. रंगवलेला, दिव्यांची माळ लावलेला, मधे मोटारीचं कारंजं. आणि पोराला ताकीद काय, तर हात लावायचा नाही, रंग निघतो. आता सांग, दिवाळीच्या सुट्टीत पोरानं हात मागं बांधून बसायचं? काल बघते तर आपल्या कुंपणाला नाक लावून उभा. चिमीनं काही न बोलता त्याच्या हातात घमेलं दिलं. आई शोधत आली तोवर कोपरापर्यंत बरबटलेला.

– अगंबाई! मग भांडली असेल.

– छे गं. चप्पल काढून आत आली आणि म्हणते, "तटाची माती फार पातळ झालीय, थोडी वाळू घाला." माहेर कऱ्हाडचं आहे तिचं. लहानपणी हेच करायची म्हणे. मग पदर खोचून बुरूज लिंपत बसली. त्यांच्या घरी कारंजं चालूच!

– आमच्या घरी वेगळंच नाटक आहे. ह्यांना मोठा उत्साह. 2025च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत आपले बारा किल्ले गेले ना, तेव्हापासून ह्यांच्या डोक्यात तेच. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतली जिंजी. ह्यांनी कागदावर राजगड काढून आणला. पद्मावती माची, सुवेळा माची, संजीवनी माची, मधे बालेकिल्ला. मोजमापं सुद्धा लिहिली होती.

– मग?

– पोरांनी कागद बघितला, छान आहे म्हणाली आणि त्याच्यावर गेरू कालवला.

– हा हा! पण अजिंक्यताराच का धरलाय त्यांनी?

– त्या यादीत आपल्या साताऱ्याचा अजिंक्यतारा नाही, याचा चिमीला राग आलाय. शिवाय सोन्याचं म्हणणं, राजगड बघायला कुठं जायचं? हा तर गच्चीवरून दिसतो. उतार चुकला की एक जण वर पळतो, बघतो, वरूनच ओरडतो, "डावीकडे अजून माती!"

– म्हणून आमच्या गच्चीवर एवढी धावपळ!

– आणि किल्ल्यावर टॉवर पण केलाय. छत्रीची मोडकी काडी, वर चंदेरी कागद. ह्यांचं डोकंच फिरलं. म्हणाले, महाराजांच्या काळात टीव्हीचा टॉवर होता का? सोन्या म्हणतो, "बाबा, आत्ता आहे ना? दिसतंय ते केलं."

– बरोबरच आहे त्याचं. ठेवू देत टॉवर. मी बघून आले ना सकाळी. मावळा दरवाज्याहून उंच, तळ्यात प्लास्टिकचं बदक, पायथ्याला 'चार भिंती'चं स्मारक आणि त्याच्याशेजारी आइस्क्रीमची गाडी. इतकी मजा आली बघताना. मोठ्यांनी माती आणून द्यावी, पाण्याची सोय करावी आणि घरात जाऊन चकल्या तळाव्यात. आपण हात घातला की किल्ला सरळ होतो आणि पोरं बाजूला पडतात.

– ह्यांना सांगा की तुम्हीच. माझं ऐकत नाहीत. आणि काकू, तुळशीच्या लग्नानंतर किल्ला पाडायचा कसा, तेही आत्ताच ठरलंय. म्हणे आजींनी सांगितलं.

– सांगितलं खरं. पोरं विचारत होती, आपल्या किल्ल्यावर लढाई झाली का? म्हटलं, झाली तर! 1699च्या डिसेंबरात खुद्द औरंगजेब इथं वेढा घालून बसला. किल्लेदार होते प्रयागजी प्रभू. एप्रिलमध्ये मोगलांनी सुरुंग उडवले. पहिल्यानं प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडले गेले, पण जिवंत निघाले. दुसरा उडाला आणि तट कोसळला तो बाहेरच्या अंगाला, थेट मोगलांवर.

– पण शेवटी किल्ला गेला ना?

– गेला. राजाराम महाराज वारले होते, किल्ला द्यावा लागला. पण ताराराणींच्या माणसांनी परत घेतला. पोरांना मात्र सुरुंगच आवडला. म्हणून मी अट घातलीय, बुरुजाखाली सुतळी बॉम्ब लावायचा तो मोठ्या माणसानं, आणि पोरं व्हरांड्यात. ढिगाऱ्यात प्रयागजी म्हणून मातीचा मावळा पुरायचा आणि सगळ्यांनी मिळून शोधायचा.

– ते सगळं ठरलं हो. अडलंय ते औरंगजेबावर. प्रयागजी व्हायला पाच जण, ताराराणी व्हायला चिमी, बादशहा व्हायला एकही नाही. म्हणून आमच्या ह्यांना केलंय. टॉवर पाडा म्हणत होते ना, त्याची शिक्षा.

– आणि तयार झाले?

– आधी फुगून बसले. काल रात्री हळूच विचारत होते, दाढी काळी लावायची की कापसाची.

– कापसाची म्हणावं. ऐंशी ओलांडली होती तेव्हा बादशहानं. आणि वाकून चालायची सवय आतापासून करा, तुळशीच्या लग्नापर्यंत जमेल!