सत्त्याण्णवावा खांब

करमाळ्यात खांब मोजायची सवय लहानपणीच लागते. देवीच्या माळावर कमळाभवानीचं देऊळ आहे, रावराजे निंबाळकरांनी 1727 साली बांधलेलं. देवळाचे खांब 96, विहिरीच्या पायऱ्याही 96. सुट्टीत आलेल्या पाहुण्यांना आम्ही ते मोजायला लावायचो आणि पाहुणा हटकून 94 वर नाहीतर 98 वर येऊन थांबायचा. 97 वा खांब आमच्या अंगणात आहे. तो मोजताना कुणी चुकत नाही.

तो आला तेव्हा मी बिगारीत होतो. गल्लीत लाइन ओढणारी माणसं जागा शोधत होती, तर वडलांनीच कोपरा दाखवला. कागद नाही, सही नाही. खड्ड्यात हळदकुंकू टाकलं, नारळ फोडला आणि वर त्या माणसांना चहा पाजला. संध्याकाळी बल्ब पेटला तेव्हा आईने त्याला हात जोडले.

मग कधीतरी रस्त्याकडेने सिमेंटचे नवे खांब आले, त्यांवरून काळी जाड केबल गेली. आमच्या खांबावरच्या तारा काढून नेल्या, खांब राहिला. वर आडव्या अँगलवर चिनीमातीच्या तीन वाट्या अजून तशाच आहेत. तिरका ताण जमिनीत घट्ट असून रात्री पाहुण्याच्या नडगीला बरोबर सापडतो. खांबावर हक्क मात्र सगळ्या गल्लीचा. टीव्हीवाल्याची वायर, शेजारच्या वहिनींच्या दोरीचं एक टोक, शिवाय कुणा ना कुणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. एक भावी नगरसेवक चार दिवस आमच्या स्वयंपाकघरात बघून हसत होते. शेवटी बायकोने पडदा लावला.

मुलाचं लग्न ठरलं, तेव्हा अंगणात एक खोली काढावी म्हटलं. मिस्त्रीने दोरी धरली, ती खांबाशी येऊन अडली. "सर, आधी हे काढून घ्या."

त्याच आठवड्यात भाच्याने मोबाइलवर फिरणारा निरोप पाठवला. जागेत खांब असेल तर कलम 57 प्रमाणे महिना दोन ते पाच हजार भाडं! मी कमीतला कमी दर धरून पन्नास वर्षांचा हिशेब मांडला. बारा लाख. त्या रात्री झोप चांगली लागली नाही. सकाळी कायदा काढून वाचला आणि पुन्हा नीट झोप लागू लागली. 2003 च्या वीज कायद्यातलं कलम 57 ग्राहकसेवेच्या दर्जाचं आहे. खांबाच्या भाड्याचं त्यात अक्षर नाही. भाडं आहे ते 2006 च्या नियमांत. कंपनीने आधी मालकाची संमती घ्यायची. मालक अडला तर जिल्हाधिकाऱ्यांची लेखी परवानगी आणायची, आणि ती देताना त्यांनी भरपाई किंवा वार्षिक भाडं ठरवायचं. म्हणजे जो अडला त्याला भाडं. ज्याने चहा पाजला त्याचं काय, ते नियमांत नाही.

त्यापेक्षा 1885 चा तार कायदा मला आवडला. पुढे विजेच्या लाइनींसाठीही त्यातलेच अधिकार वापरले गेले. त्यात स्वच्छ लिहिलंय, की खांब रोवणाऱ्याला मिळतो तो फक्त वापराचा हक्क. जमीन ज्याची त्याचीच. कलम 17 तर म्हणतं, मालकाला त्या जागेचं दुसरं काही करायचं असेल तर तो खांब हलवायला सांगू शकतो. मात्र पूर्वी भरपाई घेतली असेल तर तिची निम्मी रक्कम किंवा हलवायचा खर्च, यांतलं जे कमी ते आधी भरायचं. आम्हाला मिळालेल्या भरपाईतली निम्मी भरायला मी एका पायावर तयार होतो.

अर्ज घेऊन कचेरीत गेलो. साहेब सज्जन, बसायला खुर्ची दिली, संगणकात बराच वेळ शोधलं.

"सर, हा खांब आमच्या रेकॉर्डला नाही. लाइन काढली तेव्हाच कमी झालाय."

"मग मी कापून घेऊ का? भंगारवाला रोजच दारावरून जातो."

"छे छे, सरकारी मालमत्ता आहे. हात लावू नका."

नसलेल्या खांबाला हात न लावता मी घरी आलो.

मिस्त्रीनेच मार्ग काढला. त्या कोपऱ्यात भिंत दीड फूट आत घेतली आणि खांब बाहेर कोनाड्यात उभा राहिला. त्यामुळे खोलीला सहा कोपरे झाले. सून हे माहेरी कौतुकाने सांगते की तक्रारीने, ते अजून कळलेलं नाही.

परवा घरपट्टीच्या मोजणीला एक तरुण आला होता. टेप धरून घराभोवती फिरला, कोनाड्याशी थबकला, वाकून खांबाच्या पलीकडे टेप लावला आणि वहीत आकडा लिहिला.

"खांबाची जागा वगळली ना?" मी विचारलं.

"का वगळायची? तुमचीच आहे की, सर."

मी आत हाक मारून चहा टाकायला सांगितला.