हाडांवरची जप्ती

बॅटरीत घालावयाचे ऊर्ध्वपातित पाणी पोटात गेले की ते हाडांतील चुना परस्पर वसूल करून नेते, असे माळीवाड्यातील एक सद्गृहस्थ छातीठोकपणे सांगतात. आणि हेच गृहस्थ आषाढात अकोले तालुक्यातील रतनवाडीस गेले असता, साक्षात सूर्यनारायणाने विनापरवाना ऊर्ध्वपातित केलेले, १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणात भरावयास निघालेले पावसाचे पाणी ओंजळीने पिऊन त्यास अमृताचा किताब बहाल करतात. वस्तुतः शरीरास चुना मुख्यत्वे दूध, नाचणी, पालेभाज्या पुरवितात. पाण्याचा हिस्सा त्यामानाने किरकोळ. ऊर्ध्वपातित पाणी अळणी लागते, हे कबूल. बॅटरीची बाटली मात्र तोंडास लावू नये, कारण ती पिण्यासाठी भरलेलीच नसते.